थांबायचं कुणी?

लोणचं मुरायला वेळ लागतो, हे आपल्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. पण ही वाट कुणी बघायची, करणाऱ्यानं की खाणाऱ्यानं? आज मी ज्या वाईनविषयी बोलणार आहे, तिची सारी गोष्ट या एका प्रश्नात आहे.

उत्तर स्पेनमध्ये एब्रो नदीच्या खोऱ्यात रियोहा नावाचा प्रदेश आहे. तिथली लाल वाईन मुख्यतः टेंप्रानियो या काळ्या द्राक्षाची. स्पॅनिशमध्ये ‘टेंप्रानो’ म्हणजे लवकर. हे द्राक्ष लवकर पिकतं, म्हणून हे नाव. पण त्याच्या वाईनला मात्र घाई नसते! लेबलवर ‘ग्रान रेसेर्व्हा’ लिहायचं, तर नियमानं ती किमान पाच वर्षं मुरावी लागते. त्यातली निदान दोन वर्षं ओक लाकडाच्या सुमारे २२५ लिटरच्या पिंपात आणि निदान दोन बाटलीत.

तुम्ही म्हणाल, पिंपात होतं तरी काय? लाकडातून हवेचा अगदी सूक्ष्म अंश आत झिरपत राहतो. त्यानं वाईनचा तुरटपणा मवाळ होतो आणि रंग हळूहळू विटकरी होत जातो. अमेरिकन ओक असेल, तर व्हॅनिलाचा आणि किंचित खोबऱ्याचा वासही येतो. अधूनमधून वरची निवळ वाईन दुसऱ्या पिंपात उतरवून घेतात, गाळ खाली राहतो. पुढं बाटलीत ताज्या फळाचा वास मागं पडतो आणि सुक्या फळांचा, चामड्याचा, तंबाखूचा वास पुढं येतो.

ही रीत रियोहात फार प्राचीन असेल, असं वाटतं. पण तसं नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मुर्रिएता आणि रिस्काल या दोन मार्केसांनी, म्हणजे सरदारांनी, फ्रान्समधल्या बोर्दोची पिंपात मुरवण्याची पद्धत इथं आणली. पुढं फायलोक्झेरा नावाच्या किडीनं फ्रान्सच्या द्राक्षबागांची मुळंच पोखरली. वाईनच्या शोधात फ्रेंच व्यापारी डोंगर ओलांडून आले आणि आरो गावच्या रेल्वे स्टेशनभोवती वाईनची तळघरं उभी राहिली. त्यातलंच लोपेझ दे एरेदिया हे १८७७ सालचं घराणं आजही आपली पिंपं स्वतःच्या कारखान्यात बनवतं. त्यांच्या काही ग्रान रेसेर्व्हा बाजारात यायला वीसेक वर्षं लागतात.

शतक संपता संपता ती कीड रियोहातही पोहोचली. उपाय एकच होता, अमेरिकन वेलीच्या खुंटावर स्थानिक द्राक्षाचं कलम. नाशिककडच्या बागायतदारांना हे नवं नाही. तेही डॉगरिज या मूळच्या अमेरिकन खुंटावर कलम करतात. तिथं कारण किडीचं होतं, इथं खारं पाणी आणि पाण्याची ओढ, एवढाच फरक.

आता हिशेब मांडा. पाच वर्षं माल तळघरात, म्हणजे तेवढी वर्षं पैसाही तळघरात. जागा, पिंपं, माणसं यांचा खर्च चालूच. म्हणून रियोहातली बहुतेक वाईन याहून लवकर विकली जाते. काही उत्पादकांचा आक्षेप वेगळाच आहे. ते म्हणतात, किती वर्षं मुरवली याला एवढं महत्त्व का? द्राक्ष कुठल्या बागेतलं, हे का नाही सांगत? २०१७ साली नियामक मंडळानं विशिष्ट बागेचं नाव लावणारा नवा वर्ग मान्य केला, तो या मागणीमुळेच.

मला त्यांचं म्हणणं पटतं. कैरीच बेचव असेल, तर मुरवून काय होणार? तरीही जुन्या रीतीविषयीचा माझा आदर कमी होत नाही. इतर ठिकाणच्या कित्येक नामवंत वाईन कोवळ्याच विकल्या जातात. त्या मुरवण्याचं काम गिऱ्हाइकानं करायचं. रियोहात ते काम करणारा स्वतः करतो आणि पिण्याजोगी झाल्यावरच बाटली हाती देतो.

ग्रान रेसेर्व्हाच्या बाटलीमागं मंडळाचं निळं लेबल असतं. पुढच्या लेबलवर छापलेलं साल द्राक्षं तोडल्याचं. त्या सालापासून आजपर्यंतची वर्षं मोजून पाहा. आपल्या वाटची वाट कुणीतरी आधीच बघून ठेवली आहे, हे लक्षात येईल.