तालमीच्या उंबरठ्यावर
(लेखांक पाचवा)

गेल्या लेखांकात जोर, बैठका आणि मल्लखांब यांनी शरीराची जी पूर्वसिद्धता होते तिचा विचार झाला. आता त्या शरीराने कोणत्या विद्येच्या दारी जावे, हा प्रश्न क्रमानेच पुढे येतो. कुस्ती श्रेष्ठ की कराटे, ज्युदो बरा की मुष्टियुद्ध, हा खटला वसतिगृहांतून आणि चहाच्या दुकानांतून वर्षानुवर्षे चालू आहे, आणि त्याचा निकाल लागत नाही याचे कारण एवढेच की, विद्या हवी आहे ती कशासाठी, हा मूळ मुद्दा वादी आणि प्रतिवादी यांपैकी कोणीच दाखल करीत नाही.

आत्मसंरक्षणाचा इरादा धरून जो येतो, तो बहुधा संहारक प्रहारांच्या वर्णनाला भुलतो. ज्युदोचे प्रवर्तक जिगोरो कानो यांनी मात्र १८८२ साली टोकियोत कोडोकान ही संस्था स्थापन केली आणि जुन्या जुजुत्सूतील घातक आघात मुक्त सरावातून वगळून केवळ ठराविक आकृतिबंधांत जतन केले. वरवर पाहता विद्या दुबळी झाली. प्रत्यक्षात उलट घडले, कारण जोडीदाराला जायबंदी केल्यावाचून जो डाव पूर्ण ताकदीने टाकताच येत नाही, तो जन्मभर हवेतच टाकावा लागतो, आणि जो त्यामानाने निर्धोक आहे, तो रोजच्या रोज, प्राणपणाने विरोध करणाऱ्या माणसावर आजमावता येतो. आपल्या तालमीतली झोंबीही याच जातीची. खोऱ्याने उकरून भुसभुशीत केलेल्या, ताक, तेल आणि हळद मुरलेल्या तांबड्या मातीत दोन पठ्ठे खडाखडीला उभे राहतात. मानेवर पंजा पडतो, ढाक लावण्यासाठी एकाने पाय वळवावा तोच दुसरा कंबर खाली घेऊन सुटतो, आणि वस्तादाने समजावून सांगताना जो डाव अगदी सोपा वाटला होता तो काही केल्या लागत नाही. तो का लागला नाही हे उमगायला महिने जातात, आणि संकटसमयी उपयोगी पडते ते त्या महिन्यांतलेच काही. सबब, ज्याला वा जिला स्वतःचे रक्षण करावयाचे आहे, त्याने वा तिने विद्येचे नाव विचारण्याआधी तेथे झोंबी किती होते, ते विचारावे. चाकूपुढे मात्र सर्व विद्या तोकड्या पडतात. तेथे पळ काढावा, आणि हा सल्ला मर्दानी वाटला नाही तरी पाळावा.

कराटेची गोष्ट थोडी निराळी आहे. गिचिन फुनाकोशी यांनी १९२२ साली ओकिनावाहून टोकियोत आणलेल्या या विद्येत एकट्याने करावयाच्या आकृतिबंधांना मोठे स्थान आहे, आणि पुष्कळ ठिकाणी ठोसा अंगाला लागण्यापूर्वीच आवरण्याची शिस्त असते. ज्याला एकाग्रता, तोल आणि घरच्या अंगणात एकट्याने चालू ठेवता येईल असा नेम हवा आहे, त्याला याहून सोयीची विद्या क्वचितच सापडेल. मारामारीची तयारी म्हणून तीच घेणाऱ्याने मात्र प्रत्यक्ष सामना किती होतो याची चौकशी करावी.

पदकाची आकांक्षा असेल तर स्पर्धेच्या नियमांपुढे आवडीनिवडीची मातब्बरी नाही. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव मातीत घडलेले मल्ल. १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये त्यांना मॅटवर लढावे लागले आणि सहाव्या क्रमांकावर समाधान मानावे लागले. पुढे १९५२ साली हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक मिळविले, ते मॅटवरच. मातीने बळ दिले, पण पदकाची जागा मॅट होती, हे पालकांनी मुलाला तालमीत घालतानाच लक्षात घ्यावे.

चाळिशी उलटलेल्या, कचेरीत दिवस काढणाऱ्या गृहस्थाला माझी शिफारस ज्युदोची, आणि तीही फेकण्यासाठी नव्हे, तर पडण्यासाठी. हनुवटी छातीशी घ्यावयाची, पाठ गोल करावयाची, आणि अंगापासून तिरपा धरलेला हात तळव्यापासून कोपरापर्यंत एकदम चटईवर आपटावयाचा, म्हणजे मनगट टेकून हाड मोडण्याचा प्रसंग टळतो. या वयात अंगावर गुंड येण्यापेक्षा न्हाणीघरात पाय घसरण्याचाच संभव अधिक. प्रकृतीसाठी मुष्टियुद्ध करू पाहणाऱ्याने पोत्यावर खुशाल ठोसे मारावेत. डोक्यावर ठोसे खाण्यात प्रकृतीचा काहीही लाभ नाही.

राहता राहिला वस्ताद. ठराविक मुदतीत काळा पट्टा देण्याची हमी जो देतो आणि वर्षाची फी आगाऊ मागतो, त्याच्या दारातून परत फिरावे. चांगल्या वस्तादाकडे नवशिक्याला जोड कोणाशी द्यावयाची याचा बंदोबस्त असतो, आणि दुखावलेल्या मुलाला तो हौदाबाहेर बसवतो. तेव्हा वाचकहो, पैसे भरण्यापूर्वी तेथे आठवडाभर नुसते बसून पाहा, आणि मुख्यतः दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांकडे पाहा. पुढील लेखांकात लाठी आणि दांडपट्टा.