आधीच सांगून ठेवलेली इच्छा

श्वास थांबला की माणूस मरतो, असे आपण वर्गात सहज सांगून जातो. खरे तर हृदयाला ठोक्यांची चालना त्याच्यातल्याच एका पेशीसमूहाकडून मिळते. श्वासपटलाला मात्र मेंदूच्या तळाकडून आज्ञा यावी लागते. ती आज्ञा थांबली, तरी व्हेंटिलेटरने प्राणवायू पुरवला तर हृदय काही काळ चालत राहते. मग बरे होण्याची आशा संपल्यावर यंत्र किती दिवस चालवायचे आणि ते ठरवायचे कोणी?

मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग 1973 मधील हल्ल्यात मेंदूला इजा होऊन कायमच्या अंथरुणाला खिळल्या. त्यांना अन्न देणे थांबवावे, अशी याचिका सर्वोच्च न्यायालयात आली. त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांनी तिला विरोध केला आणि 2011 मध्ये न्यायालयाने ती फेटाळली. 2015 मध्ये अरुणाताईंचे निधन झाले. त्यांची स्वतःची इच्छा काय होती, हे त्या 42 वर्षांत त्यांच्याकडून कळू शकले नाही.

9 मार्च 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशी इच्छा आधीच लिहून ठेवण्यास, म्हणजे ‘लिव्हिंग विल’ला मान्यता दिली. 2023 मध्ये त्याची पद्धत सोपी झाली. सज्ञान व मानसिकदृष्ट्या सक्षम व्यक्तीने दोन साक्षीदारांसमोर सही करायची आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून कागद साक्षांकित करून घ्यायचा. आपल्या वतीने बोलणाऱ्या एक वा अधिक आप्तांची नावे त्यात द्यायची. हा कागद केव्हाही बदलता वा रद्द करता येतो. रुग्ण स्वतः निर्णय घेऊ शकत नसेल आणि सुधारण्याची आशा उरली नसेल, तेव्हाच तो लागू होतो. तोही डॉक्टरांच्या दोन मंडळांनी तपासून संमती दिल्यावर.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. इंजेक्शन देऊन मरण आणणे आजही गुन्हाच आहे. या कागदाने नाकारता येतात ते केवळ मरण लांबवणारे उपचार. वेदना कमी करणारी औषधे व शुश्रूषा चालूच राहतात.

श्वसनसंस्था आपण न अडखळता शिकवतो. घरी आईवडिलांपुढे हा विषय काढायचा म्हटले, की ‘अशुभ बोलू नये’ म्हणून गप्प बसतो. मग अतिदक्षता विभागाच्या दाराशी भावंडांना अंदाजाने निर्णय घ्यावा लागतो, आणि ‘आपण चुकलो तर नाही ना?’ ही टोचणी जन्मभर उरते. कागद नंतर होईल; आधी विचारू तरी या.