२१ दिवसांची फेरी

आत्याची नोकरी एसटीतली. शेवटची बारा वर्षं तिने ठाण्याच्या खोपट आगारात, आरक्षणाच्या खिडकीमागे काढली. त्यामुळे केमोथेरपीच्या ज्या खेपेला डॉक्टर ‘सायकल’ म्हणतात तिला ती ‘फेरी’ म्हणते. चार फेऱ्या लाल औषधाच्या, दर २१ दिवसांनी एक. मग दुसरं औषध, दर आठवड्याला, १२ वेळा. त्यानंतर शस्त्रक्रिया. छातीतल्या गाठीचा अहवाल हातात आला त्याच रात्री तिने जुन्या डायरीच्या मागच्या पानावर रेघा मारून हे सगळं वेळापत्रक लिहून काढलं. “गाडी वेळेवर सुटली पाहिजे. रस्त्याचं रस्त्यात बघू.”

कर्करुग्णांना एसटीत सवलतीचं तिकीट मिळतं. वर्षानुवर्षं तिने त्यांचे दाखले तपासले. सही, शिक्का, तारीख. “दाखला नीट बघायचे,” ती म्हणाली, “तोंडाकडे मुद्दाम बघत नसे. आता वाटतं, एखादीला विचारायला हवं होतं, बाई, नक्की काय होतं गं तिथे?”

नक्की काय होतं, ते बघायला मी चारही फेऱ्यांना तिच्याबरोबर गेलो. पहिल्या दिवशी जाताना प्लास्टिकची एक निळी बादली घेतली. माझ्या डोक्यात १९८६ साल होतं. आजीला अंडाशयाचा कॅन्सर झाला होता, औषध परळला चालायचं. ती परत आली की कॉटखाली बादली सरकवली जायची, आणि पुढचे तीन दिवस घरातल्या सगळ्या आवाजांत तोच एक आवाज मोठा असायचा. आजीने तिसऱ्या खेपेनंतर जायचं नाकारलं. आजाराला ती भ्यायली नव्हती, बादलीला भ्यायली होती.

खोपटच्या घरून केमोचं डे-केअर रिक्षाने दहा मिनिटं. साडेआठला पोहोचलो. आठ-दहा खुर्च्या, मागे कलणाऱ्या, प्रत्येकीशेजारी सलाईनचा खांब आणि टिकटिकणारा पंप. रात्री झोप न येता आपण कल्पनेत जसं बघतो तसं इथे काहीच दिसत नाही. एक बाई मोबाइलवर मालिका बघत होत्या. एकजण घोरत होते.

आधी वजन, मग उंची. दर वेळी. वजन ५८ किलो, उंची १५२ सेंटिमीटर. दोन्ही आकडे गुणून ३६०० ने भागायचे आणि त्याचं वर्गमूळ काढायचं, की शरीराचं क्षेत्रफळ मिळतं: आत्याचं १.५६ चौरस मीटर. लाल औषधाची, म्हणजे डॉक्सोरुबिसिनची, मात्रा चौरस मीटरला ६० मिलिग्रॅम, म्हणून तिला साधारण ९४. शिंप्याने माप घ्यावं तसा हा प्रकार. वजन बरंच उतरलं तर मात्रेचा हिशोब पुन्हा करायचा. आदल्या दिवशीच्या रक्ततपासणीचा कागद डॉक्टर बघतात. इथल्या भाषेत ‘काउंट’. पांढऱ्या पेशींतल्या न्यूट्रोफिल नावाच्या शिपायांची संख्या साधारण १५०० च्या वर हवी. नसेल तर गाडी सुटत नाही.

त्यानंतर दीड तास नुसतं बसायचं. नवे लोक इथे चिडतात. मीही चिडलो. मग सिस्टरनी समजावलं की औषध आधी कालवून ठेवत नाहीत. रुग्ण आला, काउंट बघितला, डॉक्टरांनी सही केली, की मग आतल्या खोलीत काचेच्या कपाटात, हवा आतच खेचून गाळणाऱ्या पंख्याखाली, दुहेरी हातमोजे घालून एकजण ते त्या माणसापुरतं तयार करतो. एकाचं औषध दुसऱ्याला चालत नाही आणि एकदा कालवलं की परत बाटलीत जात नाही. हे कळल्यावर माझा राग गेला. आत्याचा आलाच नव्हता. वेळेवर न सुटणाऱ्या गाड्यांबद्दल लोकांची बोलणी खाण्यात तिचं आयुष्य गेलं होतं.

या दीड तासात खरं काम होतं ते उलटी थांबवण्याचं. एक कॅप्सूल, मग शिरेतून दोन इंजेक्शनं. उलटीची आज्ञा मेंदू देतो, पण त्याला ती खबर पोटातून आणि रक्तातून, निरनिराळ्या वाटांनी जाते. आजीच्या वेळी या वाटा नीट अडवता येत नव्हत्या. उलटी रोखणाऱ्या ओन्डॅन्सेट्रॉनला अमेरिकेत मान्यता मिळाली ती १९९१ मध्ये, आजी गेल्यावर. आता तीन-चार औषधं एकदम देऊन सगळ्याच वाटांवर नाकाबंदी करतात.

चौथं औषध रात्री घरी घ्यायचं होतं, ओलान्झापिन. औषधाच्या दुकानातल्या मुलाने चिठ्ठी दोनदा वाचली आणि हळूच विचारलं, “हे कोणासाठी?” कारण हे मुळात मनोविकारावरचं औषध. घरी माझ्या बहिणीने मोबाइलवर नाव शोधलं आणि तिचा चेहरा उतरला. आत्या मात्र हसत सुटली. १९०१ पासून ठाण्यात मनोरुग्णालय आहे आणि तेव्हापासून अख्खा महाराष्ट्र एकमेकांना ‘तुला ठाण्याला पाठवायला हवं’ म्हणत आलाय. “आपण ठाण्यातच राहतो,” ती म्हणाली, “आता कुठे पाठवणार?”

या गोळीची एक गोष्ट आहे आणि ती आपल्या शेजारची आहे. मळमळ थांबवण्यासाठी जगभर तिची १० मिलिग्रॅमची मात्रा देत. गुण यायचा, पण माणूस दिवसभर पेंगायचा. खारघरला टाटा मेमोरियलच्या ‘ॲक्ट्रेक’ केंद्रातल्या डॉ. ज्योती बाजपेयी आणि सहकाऱ्यांनी सरळ प्रश्न विचारला: इतकी लागते का? २७५ रुग्ण घेतले, निम्म्यांना १० आणि निम्म्यांना २.५ मिलिग्रॅम. २०२४ मध्ये ‘लॅन्सेट ऑन्कोलॉजी’त निष्कर्ष आले. मळमळ-उलटी पूर्ण काबूत राहण्याचं प्रमाण जवळपास सारखंच, ४४ आणि ४५ टक्के. दिवसा गुंगी येण्याचं प्रमाण मात्र ९० वरून ६५ टक्क्यांवर आलं. आत्याच्या चिठ्ठीवर २.५ लिहिलं होतं. संशोधन म्हटलं की आपल्याला काहीतरी वाढलेलं दिसतं, नवं यंत्र, नवी इमारत. इथे कुणीतरी कष्टाने एक आकडा कमी केला होता, आणि त्यामुळे माझी आत्या दुसऱ्या दिवशी सकाळी पेपर वाचू शकत होती.

अकराला लाल औषध आलं. जाड सिरिंजमध्ये, रंग कोकमाच्या आगळासारखा. मूळ मातीतल्या एका जिवाणूचं, इटलीतलं. ॲड्रियाटिक समुद्राच्या नावावरून त्याला ॲड्रियामायसिन म्हणतात. हे पंपावर न लावता सिस्टर स्वतः बसून, चालू सलाईनमध्ये, हळूहळू देतात. आधी पिस्टन किंचित मागे ओढून शिरेतून रक्त येतं का ते बघतात. थोडं ढकलायचं, पुन्हा बघायचं. कारण हे औषध शिरेबाहेर सांडलं तर कातडी जळते. “काकू, जळजळलं तर लगेच सांगायचं हं, सहन करत बसायचं नाही.” आपल्याकडच्या बायकांना हे मुद्दाम सांगावं लागतं, सिस्टर मला नंतर म्हणाल्या. बायका सहन करतात. पंधरा-वीस मिनिटं त्या मान वर न करता आत्याच्या हाताकडे बघत होत्या. या दिवसात मी बघितलेल्या सगळ्या यंत्रांपेक्षा ही नजर मला मोठी वाटली. “दोन दिवस लघवी लाल होईल, घाबरू नका,” एवढं सांगून त्या पुढच्या खुर्चीकडे गेल्या.

पुढच्या खुर्चीत एक रिक्षावाले दादा होते. गालाचा कॅन्सर. शस्त्रक्रियेच्या पलीकडे गेलेला. राज्यात गुटखाबंदी २०१२ पासून आहे, आणि पुडी कुठे मिळते हे त्यांनी मला न विचारता सांगितलं. त्यांना निव्होलुमॅब लावत होते. शरीराच्याच प्रतिकारशक्तीवरचा लगाम सोडवणारं हे औषध. नेहमीची मात्रा दोन आठवड्यांना २४० मिलिग्रॅम, आणि तिची किंमत ऐकून माणूस उठून जातो. टाटाच्याच डॉ. विजय पाटील, डॉ. कुमार प्रभाश आणि सहकाऱ्यांनी तीन आठवड्यांना फक्त २० मिलिग्रॅम, स्वस्त गोळ्यांच्या जोडीला, देऊन बघितली. १५१ रुग्णांच्या त्या चाचणीत नुसत्या गोळ्यांवर वर्षभर जगणारे १६.३ टक्के होते. या चिमूटभर औषधाने ते ४३.४ टक्के झाले. बरे झाले असं नाही, वर्ष मिळालं. पण वर्ष म्हणजे काय ते त्या दादांनीच सांगितलं. त्यांची मुलगी बारावीला होती.

तिसऱ्या फेरीच्या वेळी आत्याने पेपरातलं एक कात्रण आणलं होतं, कार-टी उपचाराचं. पवईच्या आयआयटीने आणि टाटा मेमोरियलने मिळून तयार केलेल्या ‘नेक्सकार१९’चं ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपतींनी आयआयटीत लोकार्पण केलं होतं. रुग्णाच्याच रक्तातल्या टी-पेशी काढायच्या, त्यांना कॅन्सरपेशीवरची खूण ओळखायला शिकवायची, आणि परत सोडायच्या. परदेशात याला काही कोटी लागतात, इथे त्याच्या साधारण दहावा हिस्सा. म्हणजे अजूनही बहुतेकांच्या हाताबाहेर, हे बातमीत शेवटच्या ओळीत होतं. “माझ्यासाठी का नाही?” आत्याने डॉक्टरांना विचारलं. ते काही विशिष्ट रक्ताच्या कॅन्सरसाठी आहे, गाठीसाठी नाही, त्यांनी सांगितलं. तिने कात्रण घडी करून कल्याणहून येणाऱ्या एका बापाला दिलं. त्याच्या वीस वर्षांच्या मुलाला रक्ताचा कॅन्सर परतून आला होता. तो दर खेपेला कल्याणहून लोकलच्या अपंगांच्या डब्यातून मुलाला आणायचा. त्या डब्यात कर्करुग्णांनाही मुभा असते, पण मुलगा वरून धडधाकट दिसतो म्हणून लोक उठवायचे. मग तो दाखला दाखवायचा. आत्या हे ऐकत होती आणि तिने पहिल्यांदा कुणाच्या तरी तोंडाकडे टक लावून बघितलं.

पैशांचं एका परिच्छेदात उरकतो, कारण त्यावर लिहायला बसलो तर दुसरं काही उरणार नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. योजनेतल्या रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ नावाचा माणूस बसतो. पहिल्या दिवशी, पहिली सही करण्याआधी, त्याला शोधा. शिधापत्रिका आणि आधार बरोबर ठेवा. नंतर केलेली धावपळ बहुतेक वेळा वाया जाते.

निळी बादली पहिल्या रात्री मी कॉटखाली ठेवली. सकाळी ती कोरडी होती. दुसऱ्या सकाळीही. मळमळ होती, तोंडाला लोखंडासारखी चव होती. स्टीलचा चमचा नको म्हणून ती हाताने मऊ भात आणि मुगाचं वरण खायची, कोकमाचं सार चालायचं, चहा अजिबात नाही. पण उलटी झाली नाही. तिसऱ्या दिवशी बहिणीने बादलीत कपडे भिजवले. सोळाव्या दिवशी केस उशीवर यायला लागले, आणि त्यावर मात्र कुठलंही औषध नव्हतं. आत्या त्या दिवशी कुणाशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिने उरलेले काढून टाकले आणि डोक्यावरून पदर घेऊन गॅलरीत बसली. खाली आगारात गाड्या मागे-पुढे होत होत्या.

आता तिची शस्त्रक्रिया जवळ आली आहे. सर्जनना विचारायचा एक प्रश्न तिने डायरीत लिहून ठेवलाय. टाटा मेमोरियलच्या डॉ. राजेंद्र बडवे यांनी देशातल्या ११ केंद्रांत सुमारे १६०० स्त्रियांवर केलेल्या अभ्यासात, गाठ काढण्याच्या थोडं आधी तिच्या भोवती साधं भूल देणारं लिग्नोकेन टोचलं, तर सहा वर्षांनंतर हयात असणाऱ्यांचं प्रमाण ८६.४ वरून ९०.१ टक्के झालं. दात काढताना देतात तेच इंजेक्शन. त्या स्त्रियांची शस्त्रक्रिया केमोच्या आधी झाली होती, आत्याची नंतर होणार. तेव्हा तिला ते लागू पडेल की नाही हे सर्जनच सांगतील. पण प्रश्न विचारायला आता ती कचरत नाही.

या सगळ्या फेऱ्यांत एकच रात्र वाईट गेली. दुसऱ्या फेरीचा नववा दिवस. केमोनंतर सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी तळाला जातात. त्या सावरण्यासाठी केमोच्या दुसऱ्या दिवशी पोटावर एक इंजेक्शन दिलेलं असतं, तरीही धोका राहतो. रात्री दीडला आत्या म्हणाली, थंडी वाजतेय. थर्मामीटर १०१ दाखवत होता. माझ्या हातात पॅरासिटामॉलची पट्टी आली, सकाळी बघू असं तोंडातून निघणारही होतं. बहिणीने दाराकडे बोट केलं. दारामागे डे-केअरचं पिवळं कार्ड टांगलेलं होतं: ‘या रुग्णाची केमोथेरपी सुरू आहे. ताप १००.४ किंवा अधिक असल्यास त्वरित दाखल करा.’ खाली फोन नंबर. फोन केला, निघालो. इमर्जन्सीत कार्ड दाखवल्यावर आधी शीर धरली आणि तासाभरात अँटिबायोटिक सुरू झालं, नाव-पत्ता नंतर विचारला. चार दिवसांनी ती घरी आली.

घरात केमो सुरू असेल तर चालू स्थितीतला थर्मामीटर ठेवा आणि ते कार्ड दारामागे टांगा. रात्री दोनला १००.४ दिसलं तर आधी फोन करा आणि निघा. सकाळची वाट पाहू नका.