परगावी नाचावे कोठे?

कामगार संघटनेचा माणूस व्याख्यानाला उभा राहिला म्हणजे तो बोनस आणि महागाई यांवर बोलणार, असे श्रोते धरून चालतात. आम्ही आज नाचावर बोलणार आहोत. परक्या गावी मुक्काम पडला असता नाचाची हौस असलेल्या माणसाला आपलेपणाची जागा कशी सापडावी, हा आमचा प्रश्न आहे.

टँगो हा नाच घ्या. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्यूनस आयर्स व मॉन्टेव्हिडिओ या बंदरांच्या गरीब वस्त्यांत तो वाढला. पोटासाठी युरोपातून आलेले मजूर, आफ्रिकी वंशाचे लोक व तेथले रहिवासी यांचा तो नाच. २००९ साली युनेस्कोने मानवजातीच्या वारशात त्याची नोंद केली. टँगो येणारा प्रवासी परक्या शहरात उतरला की ‘मिलोंगा’, म्हणजे टँगोची बैठक, शोधतो. तेथली रीत समजुतीची आहे. आमंत्रण नजरेने द्यावयाचे. समोरच्याने मान हलविली तर उठावयाचे, नजर वळविली तर समजून घ्यावयाचे. नकार मिळाला तरी चारचौघांत शोभा होत नाही. सर्व जोडपी घड्याळाच्या उलट्या दिशेने फिरतात, त्यामुळे परकाही सहसा कोणास अडखळत नाही. रीत ठाऊक असली की भाषेवाचून अडत नाही.

आपल्याकडे अशी जागा आहे काय? आहे, ती म्हणजे विठ्ठलाचे भजन. संघटनेच्या कामासाठी आम्ही इचलकरंजी, सोलापूर, मुंबई असे पुष्कळ हिंडलो. महिन्यात दोन एकादशा येतात. त्या रात्री टाळांच्या आवाजामागे चालत गेले की झाले. टाळकरी समोरासमोर रांगा धरून उभे असतात, जवळ मृदंग असतो, विणेकरी असतो. पावली शिकण्यास गुरू लागत नाही. शेजाऱ्याच्या पायांकडे पाहावे, पाऊल पुढे टाकावे, मागे घ्यावे, ठेका सांभाळावा. सर्व जण एकमेकांस ‘माउली’ म्हणतात व एकमेकांच्या पाया पडतात. आषाढीला कोल्हापुराहून नंदवाळला जाणारी दिंडी ज्यांनी पाहिली, पुईखडीचे रिंगण पाहिले, त्यांना अधिक सांगणे नको.

तथापि आमचा एक अनुभव सांगितला पाहिजे. एका गावी असेच आम्ही भजनाला गेलो. प्रथम नाव विचारले, मग आडनाव, मग ‘म्हणजे कोणांपैकी?’ उत्तर ऐकल्यावर कोणी रागावले नाही, कोणी जा म्हटले नाही. दाराजवळ बसावयास जागा दिली आणि टाळ मात्र शेवटपर्यंत आमच्या हाती आले नाहीत. दार उघडे होते, पण रांग बंद होती.

हे दुखणे जुने आहे. संत चोखोबा मंगळवेढ्यास गावकुसाच्या बांधकामावर राबत असता भिंत कोसळून गेले, असे परंपरा सांगते. त्या मजुराची समाधी पंढरपुरात महाद्वाराच्या बाहेर आहे. ज्याचे अभंग आत गाइले जात, त्याच्या जातीला आत प्रवेश नव्हता. ते दार उघडावे म्हणून साने गुरुजींनी १९४७ च्या मे महिन्यात पंढरपुरात दहा दिवस उपोषण केले, तेव्हा मंदिर अस्पृश्यांना खुले झाले.

म्हणून प्रवाशाने दारावर विसंबू नये, आत गेल्यावर तीन गोष्टी पाहाव्या. नाव विचारण्याआधी टाळ हाती येतात काय? पाऊल चुकले तर कोणी हसतो, की शेजारी आपले पाऊल हळू करून दाखवितो? आणि गावातल्याच बाया व खालच्या आळीची माणसे रांगेत आहेत, की भिंतीला टेकून आहेत? तिसरी गोष्ट सर्वांत मोठी. जेथे घरच्यांनाच रांग मिळत नाही, तेथे पाहुण्याचे झालेले स्वागत हा केवळ पाहुणचार होय.

शेवटी श्रोत्यांना एवढेच सांगावयाचे की, आपण नेहमीच प्रवासी नसतो. बहुतेक दिवस आपण यजमानच असतो. येत्या एकादशीला दाराशी कोणी अनोळखी माणूस उभा दिसला, तर प्रश्न नंतर विचारावा. आधी टाळ पुढे करावे.