रोशा गवताचे प्रकार
रोशा गवत (शास्त्रीय नाव: सिंबोपोगॉन मार्टिनी) ही तृण कुलातील बहुवर्षायू, सुगंधी वनस्पती आहे. संस्कृतमध्ये तिला रोहिष, तर हिंदीत रूसा म्हणतात. शास्त्रीय नावातील 'मार्टिनी' हे पद जनरल क्लॉड मार्टिन यांच्या नावावरून आले आहे. या गवताचे मोतिया आणि सोफिया असे दोन प्रकार आहेत. दोन्ही दिसायला जवळजवळ सारखे असले, तरी त्यांच्यापासून मिळणाऱ्या बाष्पनशील तेलांचे घटक, गंध आणि मूल्य यांत मोठा फरक आहे.

आढळ
महाराष्ट्र व मध्य प्रदेशातील डोंगराळ भागांत रोशा गवत नैसर्गिकरीत्या वाढते. मोतिया सामान्यतः कोरड्या, उघड्या व पाण्याचा चांगला निचरा होणाऱ्या उतारांवर, तर सोफिया अधिक दमट व सखल जागी आढळतो. खानदेशात नंदुरबार, पिंपळनेर या भागांत हे तेल काढण्याचा व्यवसाय जुना आहे.

तेलांतील फरक
मोतियाच्या तेलास पामरोझा तेल म्हणतात. त्यात जिरॅनिऑल या अल्कोहॉलाचे प्रमाण साधारणपणे ७५ ते ९० टक्के असते व त्यामुळे तेलास गुलाबासारखा गंध येतो. सोफियाच्या तेलास जिंजरग्रास तेल हे नाव आहे. त्यात जिरॅनिऑल बरेच कमी असून लिमोनीन, कार्व्होन, पेरिलिल अल्कोहॉल इत्यादी घटक आढळतात. त्याचा वास उग्र असतो आणि त्यास कमी भाव मिळतो. मोतियाच्या पेशींत २०, तर सोफियाच्या पेशींत ४० गुणसूत्रे असतात.

बाह्य लक्षणांवरून हे प्रकार ओळखणे अवघड असल्याने लागवडीसाठी बियाण्याची शुद्धता महत्त्वाची ठरते. मोतियाच्या पिकात सोफियाची झुडपे मिसळल्यास उत्पादन घटत नाही, पण तेलाची प्रत उतरते.

उतारा आणि कापणी
तेल मुख्यतः फुलोऱ्यात व पानांत असते. खोडात ते अत्यल्प असते. ताज्या गवतात तेलाचे प्रमाण साधारण ०.१ ते ०.४ टक्के, म्हणजे १०० किलोग्रॅम गवतात १०० ते ४०० ग्रॅम असते. फुलोरा कोवळा असताना तेलात जिरॅनिल ॲसिटेट हे एस्टर अधिक असते. फुलोरा पक्व होताना ते घटून जिरॅनिऑल वाढते. म्हणून पूर्ण फुलोऱ्याच्या सुमारास कापणी केल्यास उतारा व प्रत दोन्ही साधतात.

तेल ऊर्ध्वपातनाने काढतात. गवत व पाणी एकाच भांड्यात घालून खालून थेट जाळ दिल्यास गवत करपून तेलास जळकट वास येण्याचा धोका असतो. स्वतंत्र बाष्पित्रातील वाफ वापरल्यास हा दोष टळतो.

इतर सुगंधी गवतांशी तुलना
गवती चहाच्या तेलात सिट्रल हा मुख्य घटक असून त्याचे प्रमाण सुमारे ७५ ते ८५ टक्के असते. जावा सिट्रोनेलाच्या ताज्या पानांत तेलाचे प्रमाण १ टक्क्यापर्यंत असते. त्यात जिरॅनिऑल असले, तरी मुख्य घटक सिट्रोनेलाल असतो. रोशाचा उतारा सिट्रोनेलापेक्षा कमी असूनही, जिरॅनिऑलाच्या विपुलतेमुळे पामरोझा तेल सुगंधी द्रव्ये व साबण यांसाठी विशेष उपयुक्त ठरते. सुगंधी गवतांची निवड केवळ उताऱ्यावरून करता येत नाही, ती यामुळेच.

व्यापार व भेसळ
पूर्वी हे तेल मुंबई बंदरातून तुर्कस्तानात जात असे आणि तेथे ते गुलाबाच्या अत्तरात मिसळले जाई. त्यामुळे युरोपीय व्यापारात त्यास 'तुर्की जिरेनियम तेल' असेही नाव पडले, यद्यपि जिरेनियम वनस्पतीशी त्याचा संबंध नाही. स्वतः पामरोझा तेलातही टर्पेंटाइन, रॉकेल किंवा खोबरेल मिसळले जात असे. शुद्ध पामरोझा तेल ७० टक्के अल्कोहॉलात सहज विरघळते, तर अशी भेसळ असलेले तेल गढूळ राहते. या गुणधर्माचा उपयोग प्राथमिक चाचणीसाठी होतो.