हापोन: एका आडनावाची चारशे वर्षं

स्पेनच्या राष्ट्रीय सांख्यिकी संस्थेकडे देशातल्या आडनावांची मोजदाद असते. किमान 20 माणसं लावत असतील, तर ते आडनाव यादीत येतं. यादीच्या माथ्यावर गार्सिया आहे, चौदा लाखांहून जास्त लोकांचं. तिथून खूप खाली उतरत गेलं की ‘हापोन’ सापडतं. स्पॅनिश माणूस जपान देशाला ज्या नावानं ओळखतो, तेच हे आडनाव. स्पेनमध्ये ते लावणारे फार थोडे. त्यातले बहुतेक सेव्हिल प्रांतातले आणि त्यातही बरेचसे एकाच गावचे. सेव्हिल शहराच्या दक्षिणेला, ग्वादालकिविर नदीच्या काठी वसलेलं कोरिआ देल रिओ हे ते गाव. वस्ती तीस हजारांच्या आसपास, आणि त्यातल्या साधारण सहाशे ते सातशे जणांच्या नावात पहिलं किंवा दुसरं आडनाव म्हणून हापोन आहे.

आडनावांच्या अभ्यासात असं एका जागी साचलेलं आडनाव फार मोलाचं असतं. रॉद्रिगेस किंवा लोपेस ही आडनावं कुठल्याही प्रांतात स्वतंत्रपणे निर्माण होऊ शकली, कारण रॉद्रिगो नावाचे बाप सगळीकडेच होते. त्यामुळे त्यांचा माग काढता येत नाही. जे आडनाव एका गावात दाट आणि बाहेर विरळ असतं, त्याचा उगम मात्र बहुधा त्या गावातच, एखाद-दुसऱ्या घरात असतो. हापोनचा माग काढत गेलं तर आपण जपानच्या ईशान्य किनाऱ्यावर जाऊन पोचतो.

डिसेंबर 1611 मध्ये त्या किनाऱ्यावर मोठी त्सुनामी आली. सेंदाईचा सरदार दाते मासामुने याच्या मुलखाची त्यात धूळधाण झाली. पुढच्या दोन वर्षांत या माणसानं स्पॅनिश दर्यावर्दी सेबास्तियान व्हिस्काइनोच्या मदतीनं पाश्चात्त्य धर्तीचं जहाज बांधलं आणि त्यावरून एक शिष्टमंडळ युरोपला धाडलं. स्पेनच्या ताब्यातल्या मेक्सिकोशी थेट व्यापार सुरू करायचा आणि त्याच्या मोबदल्यात आपल्या मुलखात मिशनरी येऊ द्यायचे, असा बेत होता. शिष्टमंडळाचा प्रमुख हासेकुरा रोकुएमोन त्सुनेनागा हा मधल्या दर्जाचा सामुराई. वाटाड्या, दुभाष्या आणि या सगळ्या खटाटोपामागचा उत्साही जीव होता फ्रान्सिस्कन साधू लुईस सोतेलो. तो मूळचा सेव्हिलचाच. 28 ऑक्टोबर 1613 रोजी जहाज त्सुकिनोउरा बंदरातून निघालं. त्यावर सामुराई, व्यापारी, खलाशी आणि स्पॅनिश लोक धरून सुमारे 180 माणसं होती.

जपान आणि युरोप यांच्यातली वाट त्याआधी आपल्या दारावरून गेलेली होती. कागोशिमाहून परागंदा झालेला आंजिरो मलाक्कात फ्रान्सिस झेवियरला भेटला आणि तिथून गोव्यात आला. 1548 मध्ये गोव्यातच त्याचा बाप्तिस्मा झाला आणि तो सेंट पॉल कॉलेजात शिकला. 1549 मध्ये झेवियर जपानच्या किनाऱ्यावर उतरला तो याच आंजिरोला सोबत घेऊन. पुढे 1582 मध्ये युरोपला निघालेली चार जपानी मुलंही जाता-येता गोव्यात थांबली. ती पोर्तुगिजांची वाट होती. हासेकुरानं दुसरी वाट धरली, स्पेनची: पॅसिफिक ओलांडून अकापुल्को, मेक्सिको खुष्कीनं पार करून अटलांटिक, आणि मग स्पेन. बरेचजण मेक्सिकोतच मागे राहिले किंवा तिथून परतले. जेमतेम तीसेक माणसं अटलांटिक ओलांडून ऑक्टोबर 1614 मध्ये सानलुकार दे बारामेदा बंदरात पोचली.

सानलुकारहून सेव्हिलला जायचं तर नदीनं उलट वर जावं लागतं. शहरात वाजतगाजत प्रवेश करण्याआधी पाहुण्यांना तयारीसाठी कुठेतरी थांबवायला हवं होतं. थांबवलं ते कोरिआत. 21 ऑक्टोबरला त्यांची मिरवणूक सेव्हिलमध्ये शिरली. मासामुनेनं त्या शहराला लिहिलेलं पत्र सेव्हिलच्या नगर दप्तरात आजही जपून ठेवलेलं आहे. 30 जानेवारी 1615 ला माद्रिदमध्ये राजा तिसऱ्या फिलिपची भेट झाली. फेब्रुवारीत हासेकुराचा बाप्तिस्मा झाला. लेर्माचा ड्यूक त्याचा धर्मपिता झाला आणि हासेकुराचं नाव झालं फेलिपे फ्रान्सिस्को. नोव्हेंबरात रोममध्ये पोप पाचवे पॉल यांची भेट झाली. रोमच्या नगरसभेनं त्याला नागरिकत्वही बहाल केलं.

सन्मान भरपूर झाले, करार मात्र झाला नाही. 1614 मध्येच जपानवर राज्य करणाऱ्या तोकुगावा सत्तेनं ख्रिस्ती धर्मावर बंदी घातली होती आणि ती बातमी युरोपात येऊन धडकली होती. ज्या राज्यात ख्रिस्त्यांचा छळ चालला आहे तिथल्या एका मांडलिक सरदाराशी करार कशाला करायचा, असा स्पॅनिश दरबाराचा विचार. पाहुण्यांचा खर्च जड वाटू लागला आणि परत जा म्हणून हुकूम निघू लागले. 1616 मध्ये बरेचजण जहाजावर चढले. हासेकुरा आणि सोतेलो आजारपणाचं कारण सांगत सेव्हिलजवळच्या लोरेतो मठात थांबले, राजाच्या उत्तराची वाट पाहत राहिले, आणि शेवटी जुलै 1617 मध्ये निघाले. सगळे निघाले नाहीत. काही मागेच राहिले.

या मागे राहिलेल्यांच्या निर्णयाबद्दल मला फार वाटतं. इतिहासात त्यांची नावं जवळजवळ नाहीतच. बाप्तिस्मा घेतलेल्या माणसानं तेव्हाच्या जपानला परतणं म्हणजे धर्म तरी सोडणं किंवा जीव तरी गमावणं. परतलेल्यांचं काय झालं ते आपल्याला माहीत आहे. हासेकुरा 1620 मध्ये सेंदाईला पोचला आणि 1622 मध्ये वारला. सोतेलो चोरून जपानात शिरला, पकडला गेला आणि 1624 मध्ये त्याला जिवंत जाळण्यात आलं. 1640 मध्ये हासेकुराच्या मुलाला घरातल्या नोकरांच्या ख्रिस्ती श्रद्धेपायी प्राण गमवावे लागले आणि त्या घराण्याची सरदारकी गेली. ती परत मिळायला 1668 साल उजाडलं.

पण मागे राहणंही सगळ्यांना सुखाचं गेलं नाही. हासेकुराच्या तुकडीतला एकजण तोमास फेलिपे या नावानं बाप्तिस्मा घेऊन एस्त्रेमादुरा भागातल्या साफ्रा गावी एका मालकाकडे चाकरीला लागला. मालकानं त्याला गुलाम ठरवून डागलं. 1622 मध्ये त्यानं दरबाराकडे अर्ज करून स्वातंत्र्य आणि मायदेशी जाण्याची परवानगी मागितली. कोरिआच्या गोष्टीला आज जो उत्सवी रंग आहे, त्याच्या शेजारी हा अर्जही ठेवायला हवा. सामुराई म्हणून आलेला माणूस परक्या देशात पाठीराख्याविना किती झटपट मालमत्ता होऊ शकत होता, ते त्यातून दिसतं.

मग कोरिआतल्या घरांना हे आडनाव कसं मिळालं? त्या काळी स्पेनमध्ये आडनाव आजच्यासारखं पक्कं नव्हतं. सख्ख्या भावंडांची आडनावं वेगळी असायची. कुणी आईचं घ्यायचं, कुणी आजोबांचं. परगावाहून आलेल्या माणसाला तो जिथून आला त्या जागेचं नाव चिकटायचं. नवारो, गायेगो, तोलेदानो, आरागोन ही आडनावं अशीच आली. बाप्तिस्म्यानं माणसाला हुआन, मार्तिन, फ्रान्सिस्को असं नाव मिळायचं, पण गावात हुआन-मार्तिन ढिगानं. त्यातला हा कोणता, हे वहीत लिहिताना पाद्र्याला सांगावंच लागे. जपानी नाव कानाला पकडता येत नव्हतं, तेव्हा देशाचं नाव टाकून त्यानं प्रश्न मिटवला असावा. जुन्या कागदांत हे आडनाव आजच्यापेक्षा वेगळ्या अक्षरानं सुरू होतं, कारण तेव्हाची स्पॅनिश लिहिण्याची रीतच वेगळी होती.

त्याच शतकात गोव्यात आणि वसईत नेमकं उलट घडत होतं. तिथे धर्मांतर झालं की पाद्र्याचं किंवा धर्मपित्याचं पोर्तुगीज आडनाव मिळे, आणि परेरा, डिसोझा, फर्नांडिस या नावांवरून माणूस मूळचा कुठला याचा काहीच पत्ता लागत नसे. कोरिआत बाप्तिस्मा तसाच झाला, पण नावातून मूळ पुसलं गेलं नाही. उलट तेच उरलं. माणसाचं खरं नाव, त्याचं कुळ, त्याचं गाव सगळं गेलं आणि देश तेवढा राहिला.

या सगळ्याला पुरावा काय, तर कोरिआच्या सांता मारिया दे ला एस्त्रेया चर्चच्या नोंदवह्या. ट्रेंटच्या धर्मसभेनं 1563 मध्ये बाप्तिस्म्याच्या आणि लग्नाच्या नोंदी सर्व पॅरिशना सक्तीच्या केल्या, म्हणून अशा वह्या आहेत. कोरिआत सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून हापोन आडनाव या वह्यांत दिसतं आणि नंतर तुटत नाही. अडचण आहे ती मधल्या काळाची. शिष्टमंडळ आलं त्यानंतरच्या दशकांतल्या बाप्तिस्म्याच्या नोंदी टिकलेल्या नाहीत. त्यामुळे अमुक सामुराई आणि त्याचं अमुक मूल, असा थेट दुवा दाखवणारा कागद नाही. आहे तो स्थळाचा आणि काळाचा मेळ: जपानी माणसं याच गावात राहिली, काही परतली नाहीत, आणि दोन पिढ्यांनंतर याच गावात त्यांच्या देशाचं नाव लावणारी कुटुंबं आहेत. मला हा मेळ पुरेसा भक्कम वाटतो. 1649 च्या प्लेगनं सेव्हिलची जवळपास निम्मी वस्ती संपवली होती. मूठभर माणसांचं आडनाव त्या साथीतून वाचलं आणि पुढच्या पिढ्यांत टिकलं, हेच आश्चर्य.

गावात आणखीही बऱ्याच गोष्टी सांगितल्या जातात. काही तान्ह्या बाळांच्या पाठीवर निळसर डाग असतो, भाताची रोपं आधी वाफ्यात वाढवून मग लावण्याची पद्धत जपान्यांकडून आली, अमक्याचे डोळे बघा. यांतलं काहीही मी पुरावा मानणार नाही. तसे डाग जगातल्या अनेक समाजांतल्या बाळांना असतात, आणि ग्वादालकिविरच्या दलदलीत मोठ्या प्रमाणावर भातशेती आली ती विसाव्या शतकात. चारशे वर्षांत इतक्या पिढ्या झाल्या की एका पूर्वजाचा वाटा रक्तात शोधणं अवघडच. जपानी संशोधकांनी आडनाववाल्यांचे नमुने घेऊन डीएनएतून उत्तर काढायचा प्रयत्नही केला, पण तेवढ्यानं प्रश्न सुटला नाही. नोंदवहीतला एक शब्द जिथे टिकला तिथे रक्ताची खूण पातळ होत गेली, हे स्वाभाविक आहे.

जपाननं तर या मोहिमेची आठवणच गमावली होती. ख्रिस्ती धर्माशी जोडलेली गोष्ट म्हणून ती दडपली गेली. 1873 मध्ये इवाकुरा तोमोमी यांचं जपानी शिष्टमंडळ व्हेनिसच्या दप्तरखान्यात गेलं, तेव्हा हासेकुराच्या सहीची पत्रं पाहून ते चकित झाले. त्या वेळी कोरिआत हापोन आडनावाची मुलं सुमारे दोन शतकं नोंदवली जात होती, पण त्यांनाही त्या नावामागची गोष्ट ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. ती उलगडली विसाव्या शतकाच्या अखेरीस. हुआन हिल यांनी स्पेन आणि जपान यांच्या सोळाव्या-सतराव्या शतकांतल्या संबंधांवरचा ग्रंथ 1991 मध्ये प्रसिद्ध केला. गावातले अभ्यासक पॅरिशच्या वह्या चाळू लागले. भूगोलाचे प्राध्यापक आणि आंदालुसियाचे माजी संस्कृतिमंत्री हुआन मानुएल सुआरेस हापोन यांनी आपल्याच आडनावाच्या इतिहासावर पुस्तक लिहिलं. सेव्हिलच्या 1992 च्या जागतिक प्रदर्शनाच्या सुमारास नदीकाठच्या बागेत हासेकुराचा पुतळा उभा राहिला. जून 2013 मध्ये जपानचे तेव्हाचे युवराज नारुहितो तिथे आले आणि त्यांनी चेरीचं झाड लावलं. त्याच वर्षी या मोहिमेची कागदपत्रं युनेस्कोच्या जागतिक स्मृती नोंदणीत गेली, जपान आणि स्पेन दोघांच्या संयुक्त प्रस्तावावरून. 2011 च्या त्सुनामीनं सेंदाईचा किनारा उद्ध्वस्त केला, तेव्हा कोरिआला ते दुःख परक्याचं वाटलं नाही.

त्याआधीही स्पेनच्या घराघरांत हे आडनाव पोचलं होतं, पण वेगळ्या वाटेनं. तिथे फुटबॉलच्या पंचांना दोन्ही आडनावांनी ओळखायची रीत होती. 1990 च्या दशकात पहिल्या श्रेणीच्या सामन्यांत एक पंच असे, होसे हापोन सेव्हिया. वडिलांकडून जपान आणि आईकडून सेव्हिल!

आकड्यांकडे परत येताना एक सावधगिरी हवी. दक्षिण अमेरिकेत, इक्वाडोरच्या लोहा प्रांतात सारागुरो नावाचा आदिवासी समाज आहे आणि हापोन हे त्यांच्यातलं नेहमीचं आडनाव आहे. त्याचा हासेकुराच्या माणसांशी संबंध दाखवणारा कोणताही पुरावा नाही. गेल्या काही दशकांत सारागुरो लोक मजुरीसाठी स्पेनमध्ये, विशेषतः अल्मेरिया प्रांतातल्या वेरा परिसरात, आले. सांख्यिकी संस्था स्पेनमधल्या सगळ्या नोंदणीकृत रहिवाशांची आडनावं मोजते. म्हणजे अल्मेरियात हापोन वाढलेले दिसले तर ते कोरिआच्या फांद्या असतील असं नाही. आडनाव एक, मुळं वेगळी.

कोरिआत मात्र ते टिकलं यामागे स्पेनची दोन आडनावांची पद्धत मोठं कारण आहे. प्रत्येकाला आधी वडिलांचं, मग आईचं पहिलं आडनाव मिळतं, आणि बाई लग्नानंतरही आपलंच नाव लावते. त्यामुळे लेकीच्या घरातही हापोन एक पिढी जास्त जगतं. पण नातवंडांपर्यंत ते पोचत नसे, कारण पुढे जायचं ते वडिलांचंच. मुलगे नसलेल्या घरात आडनाव तिथेच थांबे. 1999 च्या कायद्यानं आईबापांना क्रम ठरवायची मुभा दिली. 2011 च्या नोंदणी कायद्यातल्या नव्या नियमांनी तर वडिलांच्या आडनावाचं आपोआप पहिलं येणंच बंद केलं. ते 30 जून 2017 पासून लागू आहेत. आता बाळाची नोंद करताना क्रम सांगावा लागतो आणि पहिल्या मुलासाठी ठरेल तोच पुढच्या भावंडांना लागतो. आई हापोन आणि वडील गार्सिया असलेल्या कोरिआतल्या घरात हापोन आधी लिहायचं ठरलं, तर चौदा लाखांतला एक कमी होईल आणि सहाशे-सातशेंच्या त्या छोट्या कुळाला किमान आणखी एक पिढी मिळेल.