पेरणीआधी ठरलेला वाटा

मृग लागायच्या आधीच वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणीच्या शेतकऱ्याला पैसा लागतो. बियाणं, खत, ट्रॅक्टरचं भाडं, निंदणाची मजुरी, सगळा खर्च आधीच करावा लागतो. पिकाचा पैसा हाती येतो तो सोयाबीन निघाल्यावर, आणि कापसाचा तर दिवाळीही उलटून गेल्यावर. मधले पाच-सहा महिने कसे काढायचे? वेळेवर पीककर्ज मिळालं तर ठीक, नाहीतर कृषी केंद्राची उधारी, आणि तीही नसली तर सावकार. २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले, वर्धा जिल्ह्यातल्या वायफडला शेतकऱ्यांना भेटले आणि सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचं पॅकेज जाहीर झालं. त्या सहांत वर्धाही होता. कर्जाची कारणं अनेक आहेत, पण खर्च जूनमध्ये आणि उत्पन्न नोव्हेंबरात, ही तफावत त्यांतलं फार जुनं आणि फार दुर्लक्षित कारण आहे.

ही तफावत खाणाऱ्यांनी भरून काढावी, अशी एक व्यवस्था जगात बऱ्याच ठिकाणी चालते. इंग्रजीत तिला कम्युनिटी सपोर्टेड अ‍ॅग्रिकल्चर म्हणतात. आपण वाटेकरी शेती म्हणू. तिची रीत साधी आहे. शहरातली काही कुटुंबं एका शेतकऱ्याशी किंवा शेतकऱ्यांच्या गटाशी हंगामापुरती बांधली जातात आणि पेरणीच्या आधीच पैसे भरतात. त्या पैशावर हंगाम उभा राहतो. मग दर आठवड्याला शेतात जे निघेल त्यातला वाटा प्रत्येक घरी पोचतो. भाव मंडीत चढो की पडो, वाटेकऱ्याचा हिशेब बदलत नाही. पीक भरघोस आलं तर टोपली जड होते, गारपीट झाली तर हलकी होते. त्या हलक्या टोपलीचे पैसे परत मागायचे नाहीत, ही सगळ्यात महत्त्वाची अट.

ही अट समजायला थोडा हिशेब करून पाहू. समजा, चाळीस घरांनी प्रत्येकी सहा हजार रुपये भरले. दोन लाख चाळीस हजार जमा झाले. डिसेंबरात अवकाळी पावसानं चाळीस हजारांची वांगी-टमाटर सडली. आजच्या रीतीत तो चाळीस हजारांचा फटका एका घरावर बसतो आणि ते घर वर्षभर सावरत नाही. वाटेकरी शेतीत प्रत्येक घराच्या वाट्याला हजार रुपयांचं नुकसान येतं. हजार रुपये कमी नाहीत, पण त्यापायी कोणाच्या मुलीचं कॉलेज सुटत नाही. जोखीम वाटली की ती सोसवते. मला ही सगळी व्यवस्था याच एका कारणासाठी मोलाची वाटते. ताजी भाजी, विषमुक्त अन्न या गोष्टी त्यानंतरच्या.

ही कल्पना पहिल्यांदा नीट बांधली गेली जपानमध्ये. साठच्या दशकात तिथे कारखान्यांच्या आणि कीटकनाशकांच्या विषाची धास्ती घरोघरी पोचली होती. आयांनी एकत्र येऊन थेट शेतकऱ्यांकडून दूध आणि भाजी घ्यायला सुरुवात केली. १९७१ साली तेरुओ इचिराकु यांच्या पुढाकारानं जपान सेंद्रिय शेती संघटना स्थापन झाली आणि या व्यवहाराला 'तेइकेई' हे नाव रूढ झालं. १९७८ साली तिची दहा तत्त्वं ठरली. शेतकरी पिकवेल ते सगळं घ्यायचं, भाव दोघांनी बसून ठरवायचा, माल पोचवण्याचं काम बाहेरच्या कंपनीवर न सोपवता आपणच करायचं, गट आवाक्याबाहेर वाढू द्यायचा नाही. अमेरिकेत १९८६ साली मॅसॅच्युसेट्स आणि न्यू हॅम्पशायरमधल्या दोन शेतांवर असा हंगाम सुरू झाला. आपल्याकडे मुंबईत शेतकरी आणि ग्राहक यांच्या 'मॉफ्का' या संघटनेनं 'हरी भरी टोकरी' नावानं हाच प्रयोग केला: हंगामाचे पैसे आधी भरायचे आणि आठवड्याला एक टोपली घ्यायची.

पण वर्ध्याच्या माणसाला हे शिकायला फार लांब जावं लागू नये. १९३४ च्या डिसेंबरात अखिल भारत ग्रामोद्योग संघ इथेच स्थापन झाला. जमनालाल बजाजांनी आपली बाग दिली, तीच मगनवाडी. संघाचे सचिव जे. सी. कुमारप्पा हिशेबात पक्के होते. सनदी लेखापालाचाच पेशा सोडून आलेले. एक लाख वस्तीच्या परिसराला समतोल आहार मिळायचा असेल तर धान्य, डाळी, तेलबिया, भाजीपाला, फळं यांना किती-किती जमीन हवी, याचा तक्ता त्यांनी मांडला. शेतात काय पेरायचं हे लांबच्या बाजारानं ठरवू नये, जवळच्या पोटानं ठरवावं, हा त्याचा अर्थ. आज वर्धा जिल्ह्यात नजर जाईल तिकडे कापूस, सोयाबीन आणि तूर दिसते, आणि खेड्यातल्या दुकानातही बाहेरून आलेला कोबी विकला जातो. कुमारप्पांचा तक्ता आपण बासनात बांधून ठेवला.

पवनारला विनोबांनी १९५० च्या सुमारास याहून कडक प्रयोग केला: कांचनमुक्ती. आश्रमीयांनी बैलाशिवाय, स्वतःच्या हातांनी शेती करायची आणि पैशाचा आधार सोडून द्यायचा. तो मार्ग संसारी माणसाला झेपणारा नव्हे. वाटेकरी शेती पैसा सोडायला सांगत नाही, फक्त तो नोव्हेंबरातून उचलून एप्रिल-मेमध्ये आणते. एवढा बदल सामान्य घराला जमतो.

आता हिंगणी. सेलू तालुक्यातलं हे गाव बोर नदीच्या खोऱ्यात आहे. नदीवरचं धरण १९६५ साली पूर्ण झालं. पलीकडे बोरचं जंगल, १९७० पासून अभयारण्य आणि २०१४ पासून व्याघ्र प्रकल्प, सुमारे १३८ चौरस किलोमीटरचा, देशातल्या सगळ्यात लहान प्रकल्पांपैकी एक. वर्धा जवळ, नागपूरही सकाळी निघालेली गाडी दुपारच्या आत पोचेल इतकं. एकेकाळी सेलू-पवनार पट्ट्यातली केळी नावाजलेली होती, म्हणजे बागायतीचं ज्ञान या मातीला नवं नाही.

अशा गावाच्या टोपलीत काय यावं? इथेच शहरी माणसाची सवय आडवी येते. त्याला बारा महिने टमाटर, फुलकोबी आणि आलू हवा असतो. वाटेकऱ्याला हंगाम खावा लागतो. श्रावणात अंबाडी, कोवळा तरोटा, धोप्याची पानं, दोडके आणि जंगलाच्या कडेची काटवलं. कार्तिकापासून पालक, मुळा, वालाच्या शेंगा, भरताची वांगी; मग तुरीचे हिरवे सोले आणि घोळाण्यासाठी हरभऱ्याचा कोवळा पाला. सांभार, म्हणजे कोथिंबीर, तर पौषात इतका निघतो की एका घराला जुडी-दोन जुड्यांचं काय करावं कळत नाही; त्यासाठीच तर आपल्याकडे सांभारवडी आहे. बारीक चिरून धुऊन फडक्यावर पसरलेला सांभार, खसखस-खोबऱ्याचं सारण, वरून बेसनाची पातळ पोळी. एक जुडी चार वड्यांत संपते. ज्या भागानं सांभाराची अशी सोय लावली, त्या भागाला हंगामाप्रमाणे खायला नव्यानं शिकवायची गरज नाही, फक्त आठवण द्यायची आहे.

उन्हाळ्यात टोपली बारीक होते. तेव्हा चिवळ येते. तिळाएवढी पानं, लालसर देठ, मुळांत अडकलेली माती. निवडायला बसलं की अर्धा तास जातो. पाच पाण्यांतून काढल्याशिवाय दातांखालची कचकच जात नाही. पण मुगाच्या डाळीत शिजलेली चिवळ आणि ज्वारीची भाकर एप्रिलच्या उन्हात जो थंडावा देतात, तो फ्रिजमधल्या कोबीला जमत नाही. ज्याला निवडायला वेळ नाही त्यानं वाटेकरी व्हायच्या आधी घरात बोलून घ्यावं. अनेक ठिकाणी लोक गळतात ते पैशामुळे नव्हे, स्वयंपाकघरात हात कमी पडल्यामुळे. आणि ते हात फक्त बाईचेच असतील, तर घरातल्या निर्णयाचा भार पुन्हा एकाच माणसावर पडला.

माझं मत असं की हिंगणीनं मुंबईची नक्कल करून केवळ भाजीवर थांबू नये. इथली खरी ताकद तूर, हरभरा, जवस, गहू यांत आहे. वर्षाची तूरडाळ, गहू आणि महिन्याकाठी जवसाची चटणी वाट्यात आली तर टोपली उन्हाळ्यातही रिकामी राहणार नाही. समुद्रपूर तालुक्यातल्या वायगावच्या हळदीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तिथल्या शेतकऱ्यांशी अदलाबदल करता येईल.

अडचणी आहेत, आणि त्या लपवून वाटेकरी जमवू नयेत. जंगलालगतच्या वावरात रानडुक्कर आणि रोही (नीलगाय) एका रात्रीत पीक भुईसपाट करतात. जागल करायला माणूस लागतो, तारेचं कुंपण लागतं. शेतीपंपाची वीज बरेचदा रात्री येते, आणि बिबट-वाघाच्या भागात रात्री पाणी द्यायला जाणं म्हणजे काय हे शहरातल्या वाटेकऱ्यानं एकदा प्रत्यक्ष पाहावं. रसायनाशिवाय इथे भाजी होईल का, हा प्रश्नही लोक विचारतात. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात सुभाष शर्मा यांनी वर्षानुवर्षं ती करून दाखवली. २०२५ साली त्यांना पद्मश्री मिळाली. विश्वासासाठी केंद्र सरकारची पीजीएस-इंडिया पद्धत आहे, ज्यात किमान पाच शेतकऱ्यांचा गट एकमेकांची शेतं तपासतो. कायद्याची आडकाठीही उरलेली नाही: २०१६ साली राज्य सरकारनं फळं आणि भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला.

सुरुवात लहान असावी. वर्ध्यातली, सेवाग्रामची वीस घरं, तीन-चार शेतकरी, आणि दर आठवड्याला माल वाटायला पाळीनं जाणारे दोन वाटेकरी. भाव ठरवायला सगळ्यांनी शेतावर एकत्र बसावं आणि खर्चाची वही मध्ये उघडी ठेवावी. त्यात शेतकऱ्याच्या घरच्या माणसांची मजुरीही धरावी, कारण ती एरवी सहसा धरली जात नाही. नुकसानीची अट लेखी असावी. पैसे कधी भरायचे, याला विदर्भात आधीच मुहूर्त आहे. गुढीपाडव्याला सालगड्याचं नवं साल ठरतं, आगाऊ रक्कम दिली जाते. वाटेकऱ्यांनीही तेव्हापासून अक्षय तृतीयेपर्यंत पैसे पोचते करावेत, म्हणजे बियाणं रोखीनं येईल आणि कृषी केंद्राच्या वहीत त्या वर्षी नाव चढणार नाही.